ऐन अल-लोजच्या उतारावरून अर्जदाराच्या अंगणात येणाऱ्या गाड्यांबाबत

दि. १९ जानेवारी

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी साहेब,
डोंगरी रस्ते कार्यालय,
अजलून परिसर.

अर्जदार: मुफलेह सलमान अवाद (अबू निझार), सेवानिवृत्त भूगोल शिक्षक, रा. ऐन अल-लोज, उताराच्या शेवटी वळणावरचे घर (पूर्वी कुंपण असलेले).

विषय: येत्या शुक्रवारी सदर उतार गाड्यांना बंद ठेवून लग्नाचे वऱ्हाड पायी खाली आणण्याबाबत.

संदर्भ: अर्जदाराचा मागील हिवाळ्यातील अर्ज, ज्यावर आपण प्रथम "बर्फ वितळल्यावर पाहू" आणि बर्फ वितळल्यावर "आता बर्फ कुठे आहे?" असे कळविले होते.

महोदय,

अर्ज करण्यास कारण एकच आहे, आणि ते दर हिवाळ्यात वरून घसरत येते.

१. आमच्या डोंगरावर बर्फ पडला की रेडिओवर सुट्टी जाहीर होते. सुट्टी लोकांनी घरात बसावे म्हणून असते. लोक मात्र सुट्टी मिळाली म्हणून बर्फ पाहायला निघतात. ज्यांनी फ्रिजबाहेर बर्फ पाहिलेला नाही असे चालक अम्मान आणि झरकाहून येतात आणि सपाट उन्हात शिकलेली विद्या आमच्या उतारावर दाखवतात. सर्वांची पद्धत सारखीच. आधी वेग, मग ब्रेक, मग अल्लाचे नाव आणि मग अर्जदाराचे अंगण. अर्जदार स्वतः बर्फात गाडी चालवत नाही. अर्जदाराकडे गाडी आहे आणि अक्कलही आहे, म्हणून चालवत नाही.

२. मागील हिवाळ्यात एका सद्गृहस्थांनी बर्फाचा माणूस करून तो गाडीच्या बॉनेटवर बसवला, त्याच्या डोक्याला आपला लाल चौकटींचा रुमाल बांधला आणि वितळण्याआधी आजीला दाखवायचा म्हणून अम्मानची वाट धरली. गाडी अर्जदाराच्या कुंपणाच्या भिंतीतून आत आली. "अहो, समोर बघून चालवायला काय झालं होतं?" असे अर्जदाराने विचारले असता ते म्हणाले, "काका, समोर हाच बसलाय ना! मी ह्याच्या काखेतून बघत होतो." भिंत पडली, बर्फाच्या माणसाला खरचटलेही नाही. त्यांची मुले मात्र त्याचा रुमाल वाकडा झाला म्हणून भोकाड पसरून रडत होती. अर्जदाराच्या पत्नी उम्म निझार यांनी तो स्वहस्ते सरळ करून दिला.

३. दुसऱ्या एका चालकाने, आपण चारही इंडिकेटर लावले होते, मग गाडी थांबली का नाही, असा जाब अर्जदारालाच विचारला. तिसऱ्याने रुतलेले चाक निघावे म्हणून आमच्या बैठकीतला गालिचा मागून घेतला. चाक फिरले, गाडी होती तिथेच राहिली आणि गालिचा शेजाऱ्यांच्या डाळिंबावर गेला. घरोघरी गॅस सिलिंडर विकणारी गाडी तर आपली नेहमीची धून वाजवत उलटी घसरत गेली. ती धून ऐकून गल्लीतल्या बायका रिकामे सिलिंडर घेऊन "अरे मेल्या, थांब की जरा!" करत तिच्यामागे धावल्या. थांबता आले असते तर तो बिचारा थांबलाच असता.

४. यांपैकी एकालाही अर्जदाराने खडसावले कसे नाही, असे आपण विचाराल. महोदय, खरी अडचण तीच आहे. गाडी रस्त्यावर असेपर्यंत आतला इसम गाढव असतो. ती भिंत तोडून आत आली की तो पाहुणा होतो. पाहुण्याला आधी कॉफी द्यावी लागते. पाहुण्याने कप न पिता खाली ठेवला की त्याचे काही मागणे असते, आणि यजमानाने "प्या, तुमचं मागणं मान्य" म्हटल्याशिवाय तो कप उचलला जात नाही, हे अर्जदाराने आपल्याला शिकवावे असे नाही. आमचे काहीतरी मोडून आलेला प्रत्येक जण कप खाली ठेवतो. त्याला माफी हवी असते. अर्जदार दात-ओठ खात "प्या" म्हणतो. असे म्हणता म्हणता अर्जदाराला त्याची सवयच जडली, आणि त्या सवयीने घात केला.

५. श्री. लैस, रा. झरका, व्यवसाय एअर कंडिशनर बसवणे. हे तरुण गृहस्थ या हिवाळ्यात पहिल्यांदा आले ते थेट उम्म निझार यांच्या भाकरीच्या भट्टीत. भट्टी त्यांच्या आईच्या हातची होती. उम्म निझार ढिगाऱ्याशेजारी बसून रडल्या. लैस यांनी कप खाली ठेवला, अर्जदाराने "प्या" म्हटले. पुढच्या बर्फात ते पुन्हा आले, या खेपेस कोंबड्यांच्या खुराड्यात. पुन्हा कप, पुन्हा "प्या". तिसऱ्यांदा मात्र ते कोरड्या दिवशी, गाडी दारात नीट लावून, आपले काका आणि काही वडीलधारी मंडळी घेऊन आले. भट्टीची रीतसर माफी मागायला आले असणार, पोराला रीतभात आहे, असे अर्जदारास वाटले. काकांनी कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि "अबू निझार, आम्ही आज तुमच्या दारी..." एवढेच म्हटले. आत जेवण थंड होत होते. अर्जदाराने घाईघाईने, सवयीने सांगून टाकले, "प्या हो, जे मागायला आलात ते दिलं!"

सर्वांनी कॉफी संपवली. आतून बायकांनी आनंदाचा गलका केला. एका भट्टीच्या माफीसाठी इतका आनंद कशाला, असे अर्जदार विचारणार, तोच उम्म निझार दाराआडून म्हणाल्या, "अहो, आपली मैसून दिलीत तुम्ही!" अर्जदाराने तत्काळ स्वतःचा कप खाली ठेवला, परंतु त्या कपाकडे कोणीही पाहिले नाही.

६. मैसून ही अर्जदाराची एकुलती एक कन्या, गावच्या दवाखान्यात परिचारिका. तिला बाजूला घेऊन अर्जदाराने सांगितले, "पोरी, ह्या मुलाला साधा ब्रेक लावता येत नाही!" ती म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा तो खरंच घसरला. दुसऱ्यांदा त्यानं ब्रेक लावलाच नाही." "आणि कोंबड्यांचं काय?" "कोंबड्यांची त्यानं माफी मागितली, बाबा. मी ऐकलंय." मुलगा चांगला आहे. त्याने भट्टी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून दिली, जरी तिला तीन झरोके ठेवून ती थंड हवा देईल अशी केली असली तरी. मुलगी घरातून जाणार याचे अर्जदाराला दुःख आहे. पण तो विषय आपल्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

७. आपल्या कक्षेत येते ते शुक्रवारचे वऱ्हाड. ते झरकाहून गाड्यांची रांग लावून, हॉर्न वाजवत, नवरी न्यायला येणार आहे आणि त्याच दिवशी बर्फ पडणार असे रेडिओ सांगतो. लैस यांना ज्या काकांनी गाडी शिकवली, त्यांनीच त्यांच्या अख्ख्या घराण्याला शिकवली आहे. लग्न पुढे ढकलावे असे सुचवले असता उम्म निझार कडाडल्या, "बकऱ्या दारात बांधल्यात, मनसफच्या मटणासाठी दही भिजत घातलंय, आणि लग्न तुमच्या बर्फाच्या सोयीनं लावू होय?" भिंत केव्हाच गेली. भट्टी एकदा गेली, खुराडे गेले. आता उताराच्या रेषेत फक्त बैठकीची खोली उरली आहे, आणि शुक्रवारी त्या खोलीत मैसून नटून बसलेली असेल. अर्जदाराला झोप लागत नाही. शिवाय ज्या खोलीत बसून आम्ही लोकांना माफ करतो तीच पडली, तर त्यांना माफ कुठे करायचे?

८. तरी उतारमाथ्यावर पोलीस उभा करून सर्व गाड्या तेथेच थांबवाव्यात. काकांची किल्ली आधी काढून घ्यावी, नवरदेवाची त्याहून आधी. हॉर्न वाजवायची हौस असल्यास ती उभ्या गाडीत भागवावी. वऱ्हाड चालत यावे, घसरून पडले तरी हरकत नाही. माणसाने भिंत पडत नाही.

हा अर्ज अर्जदार टपालाने पाठवत नाही, स्वतः आणून देत आहे. दारी आलेल्याला कॉफी दिल्याशिवाय आपण बोलत नाही, हा आपला लौकिक सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा एवढे वाचून झाल्यावर कृपया मान वर करावी आणि अर्जदाराच्या पुढ्यातील कपाकडे पाहावे. तो भरलेलाच आहे.

आपल्या टेबलापलीकडे हात बांधून बसलेला,

मुफलेह सलमान अवाद
(अबू निझार)

सोबत:
१) पहिल्या भट्टीचा एक तुकडा (पाहून परत द्यावा).
२) अर्जदार स्वतः (मंजुरीची सही झाल्याशिवाय परत पाठवू नये).