पट्ट्यावर बसलेली मुलं

मंगळवार, ४ मार्च. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. शाळेच्या फाटकाबाहेर, रिकाम्या बसमध्ये.

प्रिय दादा,

आत्ताच सगळ्या सीट पुसून झाल्या. तिसऱ्या बाकावर बसून, कागदाखाली डब्याचं झाकण धरून लिहितोय. डोळ्यावरचं बँडेज निघालं असेल तर हे तूच वाच. निघालं नसेल तर थांब, वहिनीला वाचायला लावू नकोस. वहिनी, तुम्ही वाचत असाल तर कृपा करून इथेच घडी घाला.

तुझ्या ऑपरेशनसाठी तुम्ही दोघं वहिनीच्या माहेरी गेल्यापासून घर मोठं वाटतं. सवयीने तीन कप चहा होतो आणि तिन्ही मीच पितो. बसवर तुझ्या जागी आलेला बदली ड्रायव्हर भला माणूस आहे, पण तोंड उघडत नाही. तुझ्या शिव्यांशिवाय सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

जूनमध्ये तो कायदा आला, तेव्हाचं तुला आठवत असेल. शाळेच्या बसमधल्या प्रत्येक मुलाला पट्टा, नाहीतर ड्रायव्हरचं लायसन्स जप्त. अडतीसपैकी एक जरी पट्टा सुटा असला तरी तुझ्यापुढचा लाल दिवा विझायचा नाही. एकेकाला पट्टा लावण्यात बावीस मिनिटं जायची, शाळेची घंटा चुकायची आणि मुख्याध्यापिका सगळ्यांदेखत तुला सुनवायच्या. मग मीच ती युक्ती काढली. निघण्याआधीच सगळे पट्टे रिकाम्या सीटवर लावून टाकायचे आणि मुलांना त्यावर बसवायचं. दिवा विझला. तू स्टिअरिंगवर थाप मारलीस आणि म्हणालास, "सुंठीवाचून खोकला गेला. सातवीत शाळा सोडलेला माझा भाऊ भल्याभल्या साहेबांना विकून खाईल." तुझ्या तोंडून माझं कौतुक मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कितीतरी दिवस ते वाक्य आठवून एकटाच हसायचो.

गेल्या गुरुवारी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला. बदली ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून तो वाचला. पण पुढच्या सीटवरची आपली चिमणी, बसमधली सगळ्यात लहान, समोरच्या दांडीवर आपटली. ओठाला चार टाके पडले, वरचे दोन दात गेले. दवाखान्यात तिच्या वडिलांनी मला विचारलं, "पट्टा लावला नव्हतास का?" मी काही सांगण्याआधी तिनेच तोंडावरचा बोळा बाजूला केला आणि म्हणाली, "बाबा, मी पट्ट्यावरच बसले होते." वडिलांना वाटलं, पोर दुखण्याने बरळतेय. मला मात्र नीट कळलं. रोज मीच तर तिला तसं बसवत होतो.

काल बसच्या ऑफिसने बदली ड्रायव्हरला काढायचं ठरवलं. बेफाम चालवतो म्हणे. त्याने मला एवढंच विचारलं, "दिवा विझलेला होता ना रे?" मी हो म्हणालो. शब्द खरा होता, मी खोटा होतो.

म्हणून आज सकाळी ऑफिसात जाऊन लिहून दिलं. युक्ती माझी, पट्टे मी लावायचो, बदली ड्रायव्हरला यातलं काही ठाऊक नव्हतं. कारकुनाने कागद वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. "आणि तुझ्या भावाला?" मी कागद पुन्हा पुढे ओढला. मग लिहिलं, ठाऊक होतं. दादा, तुझं लायसन्स जाईल कदाचित. ऑफिसचं पत्र पोचण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे लिहितोय. परत आलास की शिव्या दे, वाटेल तेवढ्या दे. फक्त गप्प बसू नकोस.

शुक्रवारपासून एकेकाला पट्टा लावतोय. आजही बावीस मिनिटं गेली, घंटा चुकली. पट्टे अडतीस, मुलं सदतीस. पुढच्या सीटचा पट्टा मी लावला नाही. लाल दिवा शाळेपर्यंत चालूच होता.

तुझाच,
धाकटा