ताईचा कॉम्प्युटर चालू होईपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार

ताई आज पुन्हा मेली. म्हणजे खेळात. दारातून दोघे शत्रू घुसले, हिने बंदूक रोखली आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. परत हललं तेव्हा ही जमिनीवर आडवी. "हे काय लढणं झालं, मास्तरीणबाई? मी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि त्यांनी मारायचं?"

मास्तरीण म्हणजे मी. शिकवत कुणालाच नाही. पण आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली पहिली मीच, तेव्हापासून हेच नाव. ताई त्या वयात शिवणाच्या कारखान्यात जायला लागली होती. माझी फी, माझी पुस्तकं, सगळं तिच्या मशीनवरून आलं. हा कॉम्प्युटर म्हणजे तिने स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू. कोपऱ्यावरचं इंटरनेटचं दुकान बंद झालं तेव्हा तिथला जुना उचलून आणला.

आणि आज मला नेमणुकीचं पत्र आलं. पाणी तपासणीची प्रयोगशाळा, इथल्या प्रयोगशाळेतल्यासारखी तात्पुरती नव्हे, कायमची नोकरी — पण दुसऱ्या शहरात. होकार की नकार, पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं. ताईने पत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "शिक्का चांगलाय. जा." इतक्या पटकन म्हणाली की मला ते खरंच वाटेना. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. मी गेले की संध्याकाळी तिच्याशी बोलणार कोण? हा खेळच. मग तो तरी धड चालायला नको?

ठरवलं. आधी कॉम्प्युटर नीट करायचा. तो झाला तरच जायचं. ताईलाही तसंच सांगितलं.

४ नोव्हेंबर

कामावरून आल्यावर नुसतं वाचत बसले. एक जण लिहितो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो रॅमने काही होत नाही, ग्राफिक्स कार्ड घाला, तिसरा म्हणतो हे खोकं टाकून नवीन घ्या. तिसऱ्याकडे पैसे कुठून येतात कोण जाणे. आम्हाला झेपेल ते एवढंच — थोडी रॅम आणि एक वापरलेलं कार्ड.

५ नोव्हेंबर

जिन्याखाली जुने सुटे भाग विकणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडे गेले. मी एका मोठ्या कार्डाला हात लावला तर म्हणाला, "मॅडम, तुमच्या खोक्याचा पॉवर सप्लाय पाहिलात का? हे लावलंत तर खेळ चालेल, बाकी घर अंधारात." मग त्यानेच रॅमची एक पट्टी आणि लहान कार्ड काढून दिलं. चालतं का ते तीनदा लावून दाखवायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावताना म्हणाला, "सासर बघतानाही इतकं पाहू नका हां." मी हसले नाही. नंतर घरी येताना हसू आलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बसवलं! कार्ड आत मावेना, हार्ड डिस्क ठेवायचा पिंजरा सोडवून सरकवावा लागला. कुठे वाचलं होतं की अंगातली वीज लागून भाग मरतात, म्हणून दर वेळी आधी खिडकीच्या गजाला हात लावत होते. ताई बॅटरीचा उजेड धरून उभी. "शिवतेयस की नवस फेडतेयस?"

चालू झाला. खेळ लावला. ताई पुढे वाकली, पडद्याला नाक लावलं आणि हळूच म्हणाली, "अगं, यांना नाकं आहेत!"

आजवर तिने सगळे शत्रू बिनचेहऱ्याचे मारले होते. आज पहिल्याला मारायला जरा कचरली. दुसऱ्याला नाही.

फक्त आतला पंखा कुरकुरतोय. बघू.

८ नोव्हेंबर, शनिवार

प्रयोगशाळेत उशीर झाला. घरी आले तर पंख्याची कुरकुर थांबलेली. आपोआप! किती बरं वाटलं. उद्या होकार लिहून टाकते.

९ नोव्हेंबर, रविवार

नाही लिहिला. सकाळी ताईने बटण दाबलं — पंखे फिरतात, दिवा लागतो, पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळा. केबल बदलली, कार्ड काढून घातलं, काळा.

माझंच काहीतरी चुकलंय. गुरुवारी बसवताना लोकरीचा स्वेटर होता अंगात, लोकरीने अंगात वीज साठते म्हणतात. गजाला दर वेळी हात लावला होता की एकदा राहिला? आठवत नाही. जितकं आठवायला जावं तितकं जास्त राहिल्यासारखं वाटतं.

ताई चिडली असती तर बरं झालं असतं. तिने घासलेली भांडी परत घासायला घेतली. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाली, "होईल ना गं हे नीट? शुक्रवारच्या आत?" तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि मी हिला एकटी सोडून जायला निघालेय!

१० नोव्हेंबर

दुकानदार बदलून द्यायला तयार होता. "बसवताना तुमच्याकडून काही झालं नाही ना? एवढं फक्त सांगा." नाही म्हणायचं होतं. पण "मला खात्री नाही," म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला. "अहो, मी तुम्हाला मदत करायला बघतोय!" तरी मी तशीच परत आले.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तू ना, कोर्टात स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देशील."

११ नोव्हेंबर

नकाराचा मेल लिहून ठेवला. पाठवला नाही. दिवसभर पाण्याच्या बाटल्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या, सगळ्या सोडवून परत लावल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शेवटचा उपाय म्हणून आज सगळं सुटं केलं. वर्तमानपत्र अंथरलं, एकेक भाग काढून ठेवत गेले. रॅमची पट्टी उचलली तर बोटातून निसटली. बुळबुळीत. वास घेतला. हा वास मी जन्मात विसरायची नाही — ताई कामावरून आली की तिच्या ओढणीला येतो तो. शिलाई मशीनचं तेल!

"ताई, हे काय?"

"तेल."

"ते कळलं. इथे कसं आलं?"

"शनिवार होता ना." जणू मीच खुळी. कारखान्यात शनिवारी सुट्टी होण्याआधी प्रत्येकीने आपल्या मशीनला तेल द्यायचं, हा नियम. इतकी वर्षं एक शनिवार चुकला नाही. घरी आली, पंखा कुरकुरताना ऐकला, खोकं उघडून त्यालाही दिलं. "बिचारा कधीपासून ओरडत होता. दिल्यावर गप्प झाला की नाही?"

"किती दिलंस?"

"भरपूर."

आणि पंख्याने ते चहूकडे शिंपडलं. रॅमच्या खाचेतसुद्धा तेल गेलेलं. मी खाली बसले आणि हसायला लागले ते थांबेचना. माझा स्वेटर नव्हे! ताई मात्र रुसून बसली. "तेलाने कधी काही बिघडतं का?"

औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं. प्रयोगशाळेत हवं तेवढं आहे, पण ते आपलं नाही. खाच, पट्टी, पंखा, सगळं पुसून वाळत ठेवलंय.

१३ नोव्हेंबर

चालू! पहिल्याच दाबाला! मी खुर्चीवरच डोकं टेकून बसले.

संध्याकाळी ताईच्या कारखान्यातली काजवाली आली — शर्टांना काजं करते, खेळात ताईच्याच तुकडीत असते. दोघी आळीपाळीने खेळल्या. "डावीकडे, डावीकडे! अगं तुझी डावी, माझी नव्हे!" ताई इतक्या मोठ्याने बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. मला खोलीत बसायला जागा उरली नाही, मी जिन्यात बसून ऐकलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

होकार पाठवला. ताईला सांगायला गेले आणि रडूच आलं. म्हटलं, तू एकटी कशी राहशील. ती म्हणाली, "एकटी कशाला? एक तारखेपासून काजवाली येतेय राहायला. तुझी खाट पाहून गेली काल, तिला आखूड पडतेय."

"हे कधी ठरलं?"

"तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी." मग नाक पुसत म्हणाली, "रविवारी तो पडदा काळा झाला ना, जीवच गेला गं माझा. म्हटलं, झालं. आता ही जात नाही."