कारणाच्या रकान्यात ‘कायले’

मंगळवार, संध्याकाळ

आज प्रोसेस इंजिनिअरच्या जागेसाठी सहा मुलाखती घेतल्या. सगळ्यांना विचारलं, "आपल्या राईस मिलमध्ये तांदूळ इतका का तुटतो?" पाच जण म्हणाले, मशीन बदला. सहावीने, कोंढा गावच्या पोरीने, टेबलावरचा धानाचा दाणा दाताखाली फोडला. "मॅडम, धान इतकं वाळवताच कायले?" अन् लगेच जीभ चावली. "सॉरी... का वाळवता?"

माझ्यासोबत मुलाखती घ्यायला बसलेले नागपूरचे साहेब हसले. माझ्या पहिल्या मुलाखतीत माझ्या ‘मले’वरही असेच हसले होते. तेव्हा मी काहून गप्प बसली?

आज नाही बसली. म्हटलं, "कायलेच म्हण, अन् पुढं सांग."

"ड्रायरची गरमी कमी करा जी."

खरंच, ड्रायरकडे आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं. निवडीच्या कागदावर तिच्या नावापुढं कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, ‘कायले’. साहेबांना त्याखाली सही करावी लागली.