ऑइल बोल्टचे आटे

८ नोव्हेंबर
परत तेच. एका मोटरसायकलच्या साइड कव्हरचा बोल्ट दादाच्या हातून जास्त आवळला गेला, आटे उखडले. असं हल्ली वरचेवर होतंय. अ‍ॅल्युमिनियम मऊ. बोल्ट बसला की बोटांना कळतं, तिथेच थांबायचं. हे मला दादानेच शिकवलं. बाबा गेल्यावर छावनीतलं गॅरेज आम्हा भावंडांवर आलं तेव्हा.
आज बोलले तर म्हणाला, "मृणाल, बोल्टच नकली येतात आजकाल."


१० नोव्हेंबर, सकाळ
झाडताना कचऱ्यात स्कूटरच्या इंजिनाखालचा ऑइल बोल्ट सापडला. त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळलेली. म्हणजे इंजिनाचे आटेच उपटून बाहेर आलेत.
"दादा, हा कोणाचा?"
"रुबीनाचा. काल ऑइल बदललं ना. नवा लावलाय."
"आणि आटे?"
"सीलेंट भरलं. चलेगा."
रुबीना डबऱ्याला शाळेत शिकवते. रोज हायवेने जाते, मागे तिची मुलगी. बोल्ट आट्यांशिवाय, नुसत्या सीलेंटच्या चिकटपणावर अडकलेला. इंजिन तापलं की सुटणार, ऑइल सरळ मागच्या टायरवर. फोन लावला, पहुँच से बाहर. परत लावला. तेच.
बाइकने निघते.

तोच दिवस, दुपार
लिहून टाकते म्हणजे बरं.
झाँसी रोडच्या हायवेवर प्रत्येक पांढरी स्कूटर तिचीच वाटत होती. एका ठिकाणी गर्दी दिसली, बाइक थांबवून आत घुसले. ट्रकचा टायर फुटला होता, बाकी काही नाही. टेकनपूरच्या अलीकडे ती दिसली. मुलीने पेरूसाठी हट्ट केला म्हणून ठेल्यापाशी थांबली होती.
मला बघून म्हणाली, "अरे दीदी, आप? देखो ना, ये पानी टपक रहा है क्या?"
पानी नव्हतं. टायरची आतली बाजू ऑइलने काळी चकाकत होती. बोल्ट हाताने हलवला तर निघूनच आला.
खरं ते सांगितलं. गलती हमारी है. ती ओरडली नाही. मुलीला ओढून जवळ घेतलं.
"अभी पुल के ढलान पर मैं साठ पे थी, दीदी."
ओरडली असती तर बरं झालं असतं.
स्कूटर लोडर टेम्पोत घालून आणली. दादा शटरपाशी उभा. मी स्कूटर त्याच्यासमोरून आत ढकलली.

११ नोव्हेंबर
आज फक्त तिची स्कूटर. भोक मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, त्यात स्टीलची कॉइल बसवायची. ड्रिल जरा तिरकं गेलं तर इंजिनाचं अख्खं केसिंग गेलं. श्वास रोखून केलं. टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, ग्रीस लावलं की धातूचा भुसा त्यालाच चिकटतो. थोडं पुढे, थोडं मागे, काढून पुसायचं. मधे एकदा टॅप अडकला. तुटतो की काय! हळू उलटा फिरवला, सुटला. मग कॉइल. साधं ऑइल घालून आत दोनदा धुतलं, मग बोल्ट लावून नवं ऑइल भरलं. इंजिन तापवून खाली कोरा कागद ठेवला.
कागद कोरा.
दादा दिवसभर मागच्या बाजूला पंक्चर काढत बसला.

१२ नोव्हेंबर
रुबीना स्कूटर घेऊन गेली. जाताना दादाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला लागलं ते.
चहा देताना त्याच्या तळहातावर मोठा फोड दिसला.
"हे कधी भाजलं?"
"कुठे?"
मी हात उलटा करून दाखवला. तो बघतच राहिला, जणू दुसऱ्याचा हात. सकाळी सायलेन्सर तापलेला असताना त्यानेच धरला होता, मी पाहिलं होतं. वाटलं, सवय आहे म्हणून.
सवय नाही. कळतच नाही त्याला.

१३ नोव्हेंबर
वहिनीला विचारलं. घरी त्याच्या शर्टाची बटणं तीच लावून देते, म्हणाली. दिवाळीच्या आधीपासून. शुगर आहेच, गोळ्या अर्ध्या वेळा विसरतो. "मला शपथ घातली होती हो त्यांनी, तुम्हाला सांगू नको म्हणून."
दादाशी भांडण झालं. मोठ्याने. शेजारचा बॅटरीवाला बाहेर येऊन बघत होता.
"रुबीनाच्या पोरीला काही झालं असतं तर?"
"मग काय करू? गल्ल्यावर बसू? हातच नाही तर मी कोण आहे इथे, सांग ना!"
मी डॉक्टरांना फोन लावून वेळ घेतली.

१५ नोव्हेंबर
जयेंद्रगंजमध्ये डॉक्टरांकडे. मी बाइक चालवली, तो मागे बसला. पहिल्यांदाच. डॉक्टर डोळे मिटायला सांगून सुईने बोटं टोचत होते. "लागलं की सांगा." दादा बऱ्याचदा काही बोलला नाही. एकदा डॉक्टरांनी टोचलंच नव्हतं तेव्हा "हो" म्हणाला. मी खिडकीबाहेर बघितलं.
नसांची तपासणी झाली, रिपोर्ट यायचाय. स्पर्श परत येईल का, मी विचारलं. "शुगर सांभाळा, मग बघू," एवढंच म्हणाले.

१६ नोव्हेंबर
सकाळी एक मोटरसायकल आली, ऑइल बदलायला. सवयीने पाना दादानेच उचलला. खाली वाकला. मी शेजारी येऊन उभी राहिले. बोल्ट भोकाशी धरून तो बराच वेळ तसाच थांबला. मग न बघता पाना माझ्याकडे केला.
"तू बसव."
मी बसवला. तो शेजारी उकिडवा बसून बघत होता. झाल्यावर तपासायला त्याने बोट बोल्टपाशी नेलं, आणि तिथेच ठेवलं.
"बसला?" त्याने विचारलं.