पोस्टकार्ड पाठवू नकोस

तांबरम, चेन्नई
२० ऑगस्ट २००६

ती. आईस,
संजीवचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं कार्ड मिळालं, पण माझ्या हातात पडण्याआधी ते आमच्या घरमालकांनी जिन्यातच वाचून दाखवलं. शेषगिरीराव त्यांचं नाव. तंजावरकडचे मराठी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. त्यांच्या बोलण्यात निम्मं तमिळ असतं, पण देवनागरी वाचायची भारी हौस. टपाल खाली त्यांच्याकडे येतं, आणि उघडं कार्ड दिसलं की ते मोठ्याने वाचायला लागतात. या वेळी तुझ्या अक्षराचं कौतुक करण्याच्या नादात मायना त्यांनी गाळला. तेव्हा आई, यापुढे पोस्टकार्ड पाठवू नकोस. आंतरदेशीय घेत जा, नाहीतर पाकीट.

खोली वरच्या मजल्यावर आहे, हवा चांगली येते. मी आणि मंदार दोघंच. तो नाशिकचा, माझ्याच प्लांटमध्ये. सकाळी सहा दहाला ओरगडमची कंपनीची बस असते, ती चुकली की दिवस बुडाला. मंदारला उठवण्याचं काम माझ्याकडे आहे. घर शाकाहारी आहे, त्यामुळे तुझं मटण स्वप्नात येतं.

तू विचारलंस म्हणून लिहितो. चर्च मिळालं. एग्मोर स्टेशनपासून जवळच आहे, जुनं, मोठं. पाळकसाहेबांनी दिलेलं सभासदत्वाचं पत्र तिथल्या पाळकांना दिलं. माणसं चांगली आहेत. तू काळजी करू नकोस, गोळ्या वेळेवर घे.

तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा,
संजीव

---

अहमदनगर
१० डिसेंबर २००६

चि. संजीव यास,
आईचा सलाम आणि अनेक आशीर्वाद.

आधी भांडण, मग खुशाली. नोव्हेंबरच्या पत्रात मायन्यात तू मला ‘शि. सा. नमस्कार’ घातलास. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौतीस वर्षं शाळेत पत्रलेखन शिकवलं, पण आपल्या घरात आईला सलामच लिहितात हे तुला वेगळं शिकवावं लागेल असं वाटलं नव्हतं. मित्रांचं पाहून हात वळला असेल म्हणून सोडून देते. माझ्या वर्गात असतास तर लाल शाई लागली असती.

आता आनंदाचं. तुला चर्च मिळाल्याचं मी महिला मंडळात सांगितलं होतं. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं आणि गेल्या रविवारी त्यांनी भर उपासनेत तुझं नाव घेतलं. आपली मुलं नोकरीसाठी दूर जातात आणि मंडळीला विसरतात, पण कमलिनीबाईंच्या मुलाने परमुलखात गेल्या गेल्या पत्र नेऊन दिलं, असं म्हणाले. बाजूच्या बाकावरच्या सगळ्या वळून बघत होत्या. तुझे पप्पा जाऊन चार वर्षं झाली, पण त्या दिवशी ते शेजारी बसले आहेत असंच मला वाटलं.

नाताळचा फराळ कुरियरने पाठवला आहे. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि मंदारसाठी तिखट शेव वेगळी. तिथे गायनात उभा राहा. पप्पांचा आवाज घेऊन मागच्या बाकावर बसून राहू नकोस.

माझ्यावर रागावू नकोस आणि पत्रं चुकवू नकोस.
तुझी,
आई

---

॥ श्री ॥
तांबरम, चेन्नई
३ जानेवारी २००७

ती. काकूंस,
मंदारचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आपली ओळख नाही, पण तुमच्या करंज्यांची आणि माझी आता चांगलीच ओळख झाली आहे. डबा तेवीस तारखेला आला, पंचवीसला तळ दिसला. संजीव तर पंचवीसला घरातही नव्हता, जादा शिफ्टला गेला होता. त्यामुळे दोष सगळा माझा आहे.

काकू, मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. डबा उघडल्यावर मी गमतीने म्हणालो की तुमच्याकडे दिवाळी डिसेंबरात येते की काय. तेव्हा संजीवने सांगितलं की दिवाळीत तुम्ही खूप आजारी होता, महिनाभर अंथरुणाला खिळून होतात, म्हणून फराळ आत्ता केलात. इतके दिवस हा एक शब्द बोलला नव्हता. मी त्याच्याशी भांडलो. आणि अशा तब्येतीत तुम्ही माझ्यासाठी वेगळी शेव केलीत!

आमच्या शेषगिरीरावांना हे कळल्यावर ते थांबायला तयार होईनात. दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन देवळात गेले आणि तुमच्या नावाने अर्चना केली. पुजाऱ्याने नक्षत्र विचारलं, ते संजीवला सांगता येईना. मान खाली घालून नुसता उभा राहिला. आईच्या काळजीने असं होतं. तिथली विभूती पुडीत घालून सोबत पाठवत आहे.

तब्येत जपा. नाशिकला येईन तेव्हा नगरला येऊन तुमच्या पाया पडेन. तोवर या न पाहिलेल्या मुलावरही थोडी माया असू द्या.
आपला,
मंदार

---

अहमदनगर
१२ जानेवारी २००७

चि. संजीव यास,
सलाम.

सोबत मंदारचं पत्र जोडलं आहे. वाच आणि मग पुढचं वाच.

मी आजारी नव्हते. दिवाळीच्या दिवसांत तर मी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पाच तास उभी होते. नाताळचा फराळ नाताळचा आहे, एवढं एक वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून तू मला महिनाभर अंथरुणावर टाकलंस. ती पुडी हातात आली आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. ती टाकवत नाही. कोण कुठला एक म्हातारा माणूस, त्याने मनापासून माझ्यासाठी मागणं मागितलं, ते तुझ्या खोटेपणावर. माझ्या कपाटात पप्पांच्या घड्याळाशेजारी ती ठेवली आहे.

जादा शिफ्ट होती ना नाताळला? मग एग्मोरचं चर्चही असंच असेल. मला आता विचारायचं धाडस होत नाही.

तुला फटकारायला पाकीट घेतलं आणि आधी मंदारला उत्तर लिहायला बसले. वाटलं, खरं लिहून टाकावं. मग वाटलं, माझा पोरगा त्याच्यासमोर उघडा पडेल. शेवटी लिहिलं, ‘आता बरं वाटतं, तुमच्या प्रार्थनेचा गुण आला.’ मायन्यात सलाम लिहिला नाही. आशीर्वाद लिहिले, म्हणजे ओळख पटायला नको. पेटीत टाकून घरी आले आणि रात्रीचं जेवण गेलं नाही. तुला लाल शाईची धमकी देणारी मी. मला लाज वाटते आहे, संजीव. तुझी वाटते, त्याहून जास्त माझी वाटते.

आणखी एक सांगते, कारण ते लपवून तुला बोलण्यात अर्थ नाही. तू पुण्याच्या वसतिगृहात निघालास तेव्हा तुझी बॅग भरताना, कुणी विचारल्याशिवाय सांगू नकोस, असं मीच म्हणाले होते. त्रास होऊ नये म्हणून म्हणाले. आडनावावरून काही कळत नाही, याचा तेव्हा मला आनंद वाटला होता. पप्पा ऐकत होते. ते उठून बाहेर गेले.

रविवारी महिला मंडळात तुझी चौकशी झाली की मी काय सांगू, तेवढं मला कळव.
आई

---

तांबरम, चेन्नई
५ फेब्रुवारी २००७

ती. आईस,
संजीवचा सलाम. हा शब्द लिहितानाही हात अडखळतो, तरी लिहितो.

तुझा अंदाज बरोबर आहे. एग्मोरचं चर्च मी आलो त्या दिवशी स्टेशनवरून रिक्षाने येताना पाहिलं, एवढंच. ऑगस्टमध्ये एकदा फाटकापर्यंत गेलो. आत तमिळमध्ये गाणं चाललं होतं, चाल ओळखीची आणि शब्द एकही नाही. मी परत फिरलो आणि त्याच संध्याकाळी तुला लिहिलं की चर्च मिळालं.

सुरुवात खोली घेताना झाली. शेषगिरीरावांनी प्रेमाने आमचं कुलदैवत विचारलं. मंदारने सप्तशृंगी सांगितली. माझी पाळी आली आणि मी खंडोबा म्हणून मोकळा झालो. खोली जाईल अशी भीती वाटली. पुढे तांबरम स्टेशनबाहेर भोंगा लावून एक जण येशूवर प्रवचन करत होता, त्याची मंदारने पावावर बाटलेला म्हणून टिंगल केली. तेव्हा मी सगळ्यात मोठ्याने हसलो, आई. मग फराळाचं झालं.

आणि नाताळच्या दिवशी शिफ्ट नव्हतीच. मी बसने कोवलमला गेलो. कोळ्यांचं गाव आहे, होड्यांच्या सावलीत बसून दिवस काढायचा, एवढंच ठरवलं होतं. तिथे दारोदार कागदी तारे टांगलेले. एक म्हातारी ताटलीत केक घेऊन थेट माझ्याकडे आली आणि नाताळ मुबारक अशा अर्थाचं काहीतरी हसून बोलली. मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं की मी तुमच्यातला नाही. खोली, फराळ आणि केक, तीनदा नाकारून झालं. तिसऱ्यांदा तर कुणी विचारलंही नव्हतं. ती म्हणाली असावी की नसलास तरी खा, कारण केक माझ्या हातात ठेवून ती गेली.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी मंदारला सगळं सांगितलं. तो पांघरूण घेऊन भिंतीकडे वळला. सकाळी मी त्याला उठवायला गेलो तर तो आधीच आवरून बसला होता. म्हणाला की मी कोण आहे याचं त्याला काही नाही, पण त्याने तुझी तब्येत विचारली आणि आई, तुला त्याच्याशी खोटं बोलावं लागलं, हे त्याला सहन होत नाही. टिंगलीचं आठवून त्याचे कान लाल झाले होते. पंधरा दिवस आम्ही बसमध्ये वेगवेगळ्या सीटवर बसलो. परवा शनिवारी त्याने विचारलं की उद्याची उपासना किती वाजता असते.

काल गेलो. एग्मोरला नाही, इथेच तांबरममध्ये, रेल्वे क्वार्टर्सच्या मागे छोटं चर्च आहे. चपला बाहेर काढतात आणि पुढची माणसं चटईवर बसतात. मंदार फाटकापर्यंत आला आणि टपरीवर कॉफी पीत थांबला. भाषा कळत नव्हती, तरी केव्हा उठायचं, केव्हा बसायचं हे कळत होतं. शेजारच्या ज्ञानम्मा नावाच्या बाईंनी प्रत्येक गाण्याचं पान काढून दिलं. मला तमिळ वाचता येत नाही हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पुस्तक धरून नुसती चाल म्हणत राहिलो. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मान डोलावून चालू ठेव म्हणून खुणावलं.

प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला मात्र मी उठलो नाही. इथे पाळकांना अय्यर म्हणतात. उपासनेनंतर त्यांना पाळकसाहेबांचं पत्र दिलं. त्यांनी तारीख पाहिली, गेल्या जूनची. इतके दिवस कुठे होता, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी सांगितलं की कुठेच नव्हतो. ते म्हणाले की सहा महिन्यांवर जुनं पत्र त्यांच्याकडे चालत नाही, तुमच्या मंडळीकडून नवं आणा, ईस्टरला प्रभुभोजनाला आपण सोबत बसू.

म्हणजे आता तुला पाळकसाहेबांकडे जावं लागणार, आणि नवं पत्र का हवं ते सांगावं लागणार. ज्यांनी भर उपासनेत माझं नाव घेतलं, त्यांनाच. माझी लाज तुझ्या पदरात टाकतो आहे. तुला जमणार नसेल तर मी सुट्टी काढून येतो आणि स्वतः उभा राहतो.

शेषगिरीरावांना अजून सांगितलेलं नाही. दोनदा खाली गेलो आणि भाडं देऊन परत आलो. म्हणून एक मागतो. यापुढे पोस्टकार्डच पाठव.

रागाने का होईना, लिहीत राहा.
तुझा,
संजीव

---

पोस्टकार्ड
अहमदनगर
१८ फेब्रुवारी २००७

चि. मंदार यास,
संजीवच्या आईचा सप्रेम सलाम.

आमच्याकडे असंच लिहितात. मागच्या वेळी मी ते लिहिलं नाही, ती माझी चूक. दिवाळीत मी ठणठणीत होते. तुला उत्तर धाडलं ते खोटं होतं. आम्ही ख्रिस्ती आहोत आणि तो फराळ नाताळचा होता. यंदाही तो डिसेंबरातच येईल, शेव वेगळी.

आज सकाळी मी मंडळीसमोर उभी राहिले आणि माझ्या मुलाने पत्र नेऊन दिलं नव्हतं असं सांगितलं. बोलताना बाकाची कड धरावी लागली. पाळकसाहेबांनी तिथेच बसून नवं पत्र लिहिलं, ते पाकिटातून येत आहे. इतके दिवस तो तुला उठवत आला. आता रविवारी तू त्याला उठव.

शेषगिरीराव, हे कार्ड आधी तुम्हीच वाचाल हे मला माहीत आहे. तुम्हालाही सलाम. तुम्ही देवळात मागितलंत ते माझ्याकडे जपून ठेवलं आहे. आजार खोटा होता, तरी तेवढं परत मागू नका. मुलाला खोलीत ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ठेवलंत तर हे कार्ड नेहमीसारखं जिन्यातून मोठ्याने वाचा, म्हणजे त्याला वर ऐकू जाईल.

सर्वांची,
कमलिनी