ढेकळातला मांबा

४ जून

लागलो एकदाचा नोकरीला! बाबांनी दिलेली ही वही तीन वर्षं पेटीत तशीच पडून होती. लिहिण्यासारखं काही घडेल तर ना. आधी सूतगिरणीतून काढलं, मग बोटीवरून, मग दुकानातून. गावातली पोरं तर मला ‘परत आला’ याच नावाने हाक मारायची. आता म्हणा!

अध्यापक विद्यालयाच्या छोट्या संग्रहालयात मदतनीस म्हणून घेतलंय. मागेच मातीच्या विटांची माझी खोली, वर पत्रा, दारात फणस. खिडकीतून सुकलेली दलदल दिसते, पार क्षितिजापर्यंत भेगाच भेगा. संग्रहालयात फळीवर बरण्यांची रांग आहे. चिलापी, मिशाळ मासे, तळहाताएवढा बेडूक, काठीएवढं देवगांडूळ (मी आधी सापच समजलो). भिंतीवर मोठा तक्ता आहे. खाली मासा, त्याच्यावर बेडूक, मग सरडा, आणि अगदी वरती टाय लावलेला माणूस. मला तो माणूस फार आवडला.

मिस तेओपिस्ता इथल्या मुख्य. बाई कडक आहेत, पण हसतात छान. पहिलाच प्रश्न, कूळ कोणतं? त्यांचा दोष नाही. आधीचा मदतनीस निघाला मांबा कुळाचा. पहिल्याच दिवशी त्याने सुरी खाली ठेवली, म्हणाला, हा मासा आमचं देवक, याला मी कापणार नाही, आणि गेला निघून. इथे वर्गात दरवर्षी मांबाच कापून दाखवतात.

मी म्हटलं, माकड कुळ. नाव एरिसा सेनोगा.

खोटं. मी मुबिरू. मांबा कुळाचा, बापजाद्यांपासून. आमच्यात बापाचं नाव लावत नाहीत, प्रत्येकाला कुळातलं वेगळं नाव मिळतं, त्यामुळे नावावरूनच कूळ कळतं. सेनोगा हे आईच्या वडिलांचं नाव, त्यामुळे अगदीच चोरी नाही, अशी मनाची समजूत घातली. जीभ घसरली ती घसरली. आता नोकरी तर आहे.

९ जून

आज किवुंबीबरोबर दलदलीत गेलो. हा इथला खणणारा म्हातारा, सगळे त्याला जाजा म्हणतात, म्हणजे आजोबाच. टोळ कुळाचा आहे. नोव्हेंबरात सगळं गाव टोळ तळून खातं, तेव्हा हा ओठ मिटून ओट्यावर बसलेला असतो, असं स्वतःच हसत हसत सांगत होता.

भर दुपारी जायचं. भेगाळलेल्या मातीवर बसायचं आणि बोटांची टोकं वाजवायची, आधी विरळ, मग दाट, पावसाचे थेंब पडतात तशी. खाली झोपलेल्या मांबाला वाटतं पाऊस आला, आणि तो घशातून हुंकार देतो. पाणी आटलं की हा मासा चिखलात भोक पाडून आत जातो, अंगाभोवती तपकिरी पापुद्रा करून घेतो आणि हवेवर जगतो. दोन-दोन वर्षंसुद्धा. हुंकार आला की त्या जागी खणायचं आणि अख्खं ढेकूळ उचलून आणायचं.

पण खणण्याआधी जाजा एक करायला लावतो. ज्याने मासा शोधला त्याने मोठ्याने सांगायचं, मी अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्या कुळाचा. आपल्याला कोण नेतंय हे माशाला कळायला हवं, म्हणे.

जाजाला तासाभरात एक सापडला. मला चार! बोट टेकवायचा अवकाश की खालून हुंकार. जाजा म्हणाला, काय रे माकडा, मामा आल्यासारखे ओ देतायत तुला!

मी हसलो आणि म्हटलं, मी एरिसा सेनोगा, माकड कुळाचा. खालून पुन्हा हुंकार आला. न वाजवता. जाजाने माझ्याकडे बघितलं आणि कुदळ उचलली.

१७ जून

आज वर्ग होता. मीच कापला.

लहानपणी शेजाऱ्याने एकदा बाबांच्या अंगणात मांबा तळला होता, तर बाबांनी ती चूलच दुसरीकडे हलवली होती. त्या बाबांच्या मुलाने आज तीस मुलांसमोर मांबाचं पोट उघडलं. आत दोन लांबट फुप्फुसं, ओली, गुलाबी. मिस तेओपिस्ता म्हणाल्या, बघा, पाण्यातला असून श्वास आपल्यासारखा. या दोऱ्यांसारख्या चार परांच्या भावकीतूनच कधीतरी हातपाय आले, आधी बेडकांना, मग सगळ्यांना. चिलापी दिसायला मासा, हाही मासा, पण नात्याने हा चिलापीपेक्षा आपल्याला जवळचा. म्हणजे तुम्ही सगळे मांबा कुळाचे, आता लग्नं कशी जमायची तुमची?

मुलं खो-खो हसली. मीही हसलो. माझे कान इतके तापले होते की कोणी हात लावला असता तर चटका बसला असता.

नंतर स्वयंपाकघरात उरलेल्याचं कालवण झालं, शेंगदाण्याचा कूट लावून. माझ्याही ताटात पडलं. नको म्हणालो असतो तर सगळ्यांनी ओळखलं असतं.

खाल्लं. चव चांगली होती, याचीच लाज सगळ्यात जास्त वाटतेय.

२६ जून

एसेझा आली. माझी मोठी बहीण.

दोन बस बदलून, पुढे चालत. संग्रहालयाच्या दारात उभी राहून मिस तेओपिस्तांना विचारत होती, इथे मुबिरू नावाचा कोणी काम करतो का? मी आत बरण्या पुसत होतो. मिसने मला हाक मारली, सेनोगा, मुबिरू कोणी माहीत आहे का तुला?

मी म्हटलं, नाही. ही आमच्या शेजारची बाई, चुकून आली असेल.

एसेझा माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मला पाठुंगळीला घेऊन नदीवर नेणारी माझी बहीण. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त मान लववली आणि म्हणाली, सेनोगासाहेब, तुमच्या ओळखीत मुबिरू असेल तर निरोप द्या. त्याचा बाप चटईवर आहे, आता उठायचा नाही. वारस कोण ते सांगायचं राहिलंय त्याचं. मुलाने समोर बसून एकदा आपलं नाव आणि बापाचं नाव घ्यावं, एवढंच मागतोय.

मग तिने माझ्या हातात केळीच्या पानाचं पुडकं ठेवलं. उकडलेली केळी, अजून कोमट. सालीच्या दोरीने बांधलेली, वर तिची नेहमीची दुहेरी गाठ, एक टोक आत खोचलेलं.

फाटकापर्यंत मागे धावलो असतो, तर काय झालं असतं? परीक्षक दोन तारखेला येणार आहेत. ते झालं की जाईन.

२ जुलै

परीक्षा छान झाली. परीक्षकांनी माझ्या हाताची तारीफ केली.

चार वाजता चहाच्या खोलीत रेडिओवर मयतांची नावं सुरू झाली. रोज लागतात, कोणी कान देत नाही. आज मी दिला. योनासानी लुबांगा, मांबा कुळाचे, काल वारले. दफन उद्या दुपारी. मुलगी एसेझा. मुलगा एरिसा मुबिरू, जिथे असेल तिथून यावं.

मिस तेओपिस्ता म्हणाल्या, अरेरे, कुठे भटकत असेल बिचारा! परीक्षक म्हणाले, असली मुलं असून नसल्यासारखी.

मी त्यांच्या कपात दूध ओतलं.

३ जुलै

दुपारी माती दिली असेल.

मी संग्रहालयाच्या फळीवर जमलेल्या ढेकळांवर पाणी शिंपडत होतो, आता आठ झालीत. बरोबर बारा वाजता आठही ढेकळांतून हुंकार आला. एकदम. रांगेत.

६ जुलै

ढेकळांतून आता टकटक येते. बोटांनी वाजवल्यासारखी.

माशाला बोटं नसतात. मी तक्त्यासमोर उभा राहून नीट बघून घेतलं. माशाला पर, बेडकाला बोटं. माशाला बोटं नसतात.

दोनदा, थांबून एकदा. बाबा माझं दार असंच वाजवायचे.

९ जुलै

राहवेना, एक फोडलं.

आत मासा नव्हता. तपकिरी पापुद्रा होता, तो उलगडला तर झाडाच्या सालीचं कापड. आमच्याकडे मयताला गुंडाळतात ते. वितीएवढं, पण बांधणी पूर्ण. दोरीला दुहेरी गाठ, एक टोक आत खोचलेलं.

एसेझाची गाठ. बाबांना तिनेच बांधलं असणार, मी नव्हतो ना.

सोडवायचा धीर झाला नाही. आत काहीतरी श्वास घेत होतं. सावकाश, घरघर करत, शेवटी शेवटी माझे आजोबा घ्यायचे तसा. मग त्या घरघरीतून शब्द आला, अगदी घरच्या आवाजात. कोणाचा रे तू?

मी म्हणालो, सेनोगा.

तिथेसुद्धा! खोलीत दुसरं चिटपाखरू नव्हतं, आणि माझ्या तोंडून तेच आलं. थू माझ्या जिभेवर.

११ जुलै

अंग कोरडं पडतंय. पाणी ओततो, लगेच सुकतं. कोपरांवर, मानेवर तपकिरी पापुद्रा, सोलला तर खाली दुसरा. घशातून शब्द फुटत नाही, नुसता हुंकार.

दिवसभर चटईवर पडून होतो. संध्याकाळी जाजा आला. उशाशी बसला. मग म्हणाला, पोरा, माकड कुळाचा नाहीस तू, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. रेडिओवरचं ते नावही ऐकलं मी. चूक झाली, झाली. बापाच्या मातीवर जा, मोठ्याने नाव घे. बाप काय, आभाळाएवढा राग आला तरी नाव घेतलं की पाघळतोच.

मी रडलो. उद्या जातो, असं खुणेने सांगितलं.

जाता जाता म्हणाला, पण आज दुपारी वर्गात तर छान बोलत होतास की, मिस कौतुक करत होत्या.

मी आज वर्गात गेलो नाही. मी आज खोलीबाहेरच पडलो नाही.

१२ जुलै

दार उघडत नाही. फटी मातीने लिंपल्यात, आतून. माझ्या नखांत माती आहे.

खिडकीच्या उरलेल्या फटीतून पाहिलं. तो मिस तेओपिस्तांबरोबर फाटकाकडे चालला होता. माझा शर्ट. हसताना मान मागे टाकतो, तसाच. त्यांनी हाक मारली, सेनोगा! त्याने ओ दिली.

मी ओरडलो. हुंकार, बस्स. त्याने मात्र वळून पाहिलं —

१३ जुलै, दुपार

खिडकी बुजली. पेन्सिलीएवढी फट आहे, तेवढाच उजेड —

गुडघे पोटाशी. सरळ होत नाहीत. श्वास जमतो. सावकाश घेतला की जमतो.

लाज वाटते. भीती नाही आता, लाजच. तुम्ही नाव एवढंच मागितलं होतं बाबा —

भिंतीवर पाऊस. नाही, बोटं. विरळ, मग दाट. हलका हात आहे, चार ढेकळं काढली होती त्या हाताने.

घसा आपोआप — नको. ओ देऊ नकोस. ओ दि—

दिली.

जाजाचा आवाज नाही. जाजा नाहीये. मिस म्हणतायत, बाई गं, केवढा मोठा असेल!

आता तो सांगतोय. खणण्याआधीचं. माझ्याच आवाजात. मी एरिसा सेनोगा, माकड कुळाचा —

खोटं! मिस, खोटं आहे ते! तोंड उघडत नाही. हात चालतोय अजून. लिहितो. ढेकूळ फोडलं की वही सापडेल, वाचा कोणीतरी मोठ्याने —

मी एरिसा मुबिरू. योनासानी लुबांगाचा मुलगा. मांबा कु