फेब्रुवारीतला ख्रिसमस

क्वाक्वा, ९ नोव्हेंबर

प्रिय आई,

ज्या शहरात माणूस अठरा वर्षं राहतोय, त्याच शहरात त्याला सुट्टीला कसं न्यायचं? शिकवताना वर्गातली पोरं काहीबाही विचारतात आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते, पण याचं उत्तर मला खरंच येत नाही. म्हणून आधी बेत सांगते.

शाळेला सुट्टी लागली की शनिवारी पहाटेच्या शेअर टॅक्सीने आम्ही इथल्या डोंगरातून तुझ्या डर्बनला निघणार. बाबा, आत्या आणि मी. कोंबडी तळायची, अंडी उकडायची, वाफवलेला पाव आणि आल्याच्या सरबताची बरणी घ्यायची. आत्याने आत्ताच टोपी आणलीय, एवढी रुंद की दारातून मान तिरकी करून शिरावं लागतं. बाबा घोंगडी सोडायला तयार नाहीत. आत्या म्हणाली, "अरे, डिसेंबरच्या भर उन्हाळ्यात घोंगडी? लोक म्हणतील, या माणसाला हिवताप झालाय." बाबा म्हणाले, "समुद्र त्यांचा असेल, घोंगडी माझी आहे."

हल्ली पोरांच्या वह्या तपासता तपासता माझा हात थांबतो. समोर वाळू दिसते. आपण चौघं ओळीने बसलोय, तू मध्ये. तुझ्या परकराचा काठ ओला आहे. ऊन हळूहळू तुझ्या खांद्यावरून गुडघ्यांवर उतरतंय आणि तू काहीच करत नाहीयेस. कुणी हाक मारत नाहीये. मग घंटा वाजते.

मी दहा वर्षांची असताना बाबांनी मला तुझ्याकडे डर्बनला आणलं होतं, आठवतं? दोन दिवस मी तुझ्या मागच्या खोलीत बसून होते. समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. मध्ये तू घरकाम करतेस ते मॅडमचं घर होतं. तू पाहुण्यांची ताटं आत-बाहेर करत होतीस आणि जाता-येता खिडकीतून मला ओला हात दाखवायचीस. परत आल्यावर मैत्रिणींना मी लाटांच्या खोट्या गोष्टी सांगितल्या. हे तुला आज पहिल्यांदाच सांगतेय.

तू मात्र त्या समुद्राचं पाणी दरवर्षी टॅक्सीवाल्याबरोबर धाडतेस. पहाटे, कुणाशी एक शब्द बोलायच्या आधी भरलेल्या त्या दोन बाटल्या. पोट साफ व्हायला, उंबऱ्यावर शिंपडायला अख्खी गल्ली वाट्या घेऊन दारात उभी राहते. शेजारच्या मासाबाताकाकू एक घोट घेतात, तोंड वाकडं करतात आणि माझ्या नावावरून पडलेलं तुझं नाव घेऊन म्हणतात, "मादिमाकात्सो रोज समुद्रात डुंबत असेल, नशीबवान बाई!" मी पुढची वाटी भरते. सहाच्या आत तुला स्वयंपाकघरात हजर व्हावं लागतं, हे मला ठाऊक आहे. समुद्राशी तुझी ओळख दोन बाटल्या भरण्यापुरती.

आणि आपला ख्रिसमस. मॅडमचे डिसेंबरचे पाहुणे गेले, त्यांचं घर आवरलं की फेब्रुवारीत तू यायचीस. तेव्हा बाबा मेंढी कापायचे, तेव्हा आम्ही नवे कपडे घालायचो. गल्लीतली पोरं ओरडायची, "बघा, यांचा येशू टॅक्सी चुकल्यामुळे उशिरा जन्मला!" मी त्यांना दगड मारायचे. घरात येऊन तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं की तो ख्रिसमस खरा वाटायचा. पण तू गेलीस की मी मोजत बसायचे, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत किती महिने.

रविवारी फोनवर बेत ऐकून तू किती हसलीस! मग म्हणालीस, "या गं या. मी दुपारी तासभर येईन वाळूवर." मी रजेचं काढलं, तर तुझा आवाज बदलला. "माझ्या कामात तोंड घालायचं नाही, दिमाकात्सो. या घरावर तुझी पदवी उभी आहे. नोकरी गेली तर तू देणार का मला दुसरी?" मी "बरं" म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आई, पदवी तुझ्या हातांवर उभी आहे. आणि तासभर मला पुरणार नाही.

रागावशील, म्हणून मॅडमकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं यासाठी हे पत्र. काल मी त्यांना फोन केला. घरकाम करणाऱ्या बाईलाही वर्षाला तीन आठवडे पगारी रजा असते, आणि ती सगळी फेब्रुवारीतच घ्यावी असं कुठे लिहिलेलं नाही, हे मी कागदावर लिहून पुढ्यात ठेवलं होतं. ते वाचायची वेळच आली नाही. मी फक्त तुझी डिसेंबरची रजा मागितली. त्या म्हणाल्या, "पण तिने कधी मागितलीच नाही." तुझी कामावरची जागा कुठे जात नाही, हेही मी दोनदा विचारून घेतलं. चौदा डिसेंबर ते सत्तावीस डिसेंबर, ख्रिसमससकट, तू सुट्टीवर आहेस. किनाऱ्यामागच्या दुसऱ्या गल्लीत मी चार खाटांची खोली घेतली आहे आणि खिडकीकडची खाट तुझ्या नावावर लिहून दिली आहे.

तुझीच, तुझं न ऐकणारी,
दिमाकात्सो